राख, चिखल आणि मुळं

चैत्र सरत आला की कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याला संध्याकाळच्या वेळी निळसर धूर दिसू लागतो. वणव्याचा धूर धावतो, हा जागच्या जागी बसून असतो. कुठल्या तरी ठाकुरवाडीवर राब भाजायला घेतलेला असतो. ठाकुरवाडी हे एका गावाचं नाव नाही. या दोन तालुक्यांत डोंगरांच्या कुशीत ठाकूर समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी वाड्यांचं नाव हेच. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि त्याच्याही वर जंगल, अशा तीन पायऱ्यांवर इथली शेती पिढ्यानपिढ्या चालत आली. राब या तिन्ही पायऱ्यांना बांधून ठेवतो, कारण जंगलातला पाला, गोठ्यातलं शेण आणि खाचरातली माती त्यात एकत्र येतात.

भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची तो तुकडा म्हणजे राब. जेवढ्या क्षेत्रावर लावणी करायची त्याच्या साधारण दहावा हिस्सा. थंडी सरताना ऐनाची, किंजळाची कवळं तोडून वाळत टाकतात. कवळं म्हणजे पानांसकट डहाळ्यांचे भारे. मग तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर कवळं, त्यावर पेंढा, गवत, पालापाचोळा आणि सगळ्यांत वर बारीक मातीचं पांघरूण. आग लावायची ती वारा ज्या टोकाकडे जातो त्या टोकाला, म्हणजे तिला वाऱ्याला तोंड देत मागे मागे सरकावं लागतं. ती भडकत नाही, धुमसते. वरची माती ज्वाळेला दाबून धरते आणि धग खाली मुरते. पुढे पाऊस जवळ आला की त्याच राखेच्या अंगावर भाताचं बी पडतं.

माती हलकीच तापवायची, पेटवायची नाही, हे ज्यांनी ठरवलं त्यांना काहीतरी नेमकं कळलं होतं. काय कळलं होतं, याचा पत्ता लागायला बराच काळ गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच धुरावरून सरकार आणि शेतकरी यांच्यात मोठा वाद पेटला. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलातून कवळं आणण्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा इतका ओघ लागला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. अधिकाऱ्यांचा सवाल वरवर बिनतोड होता: शेण आणि पाला जाळून धूर कशाला करता, तेच खत म्हणून जमिनीत का घालत नाही? शेतकऱ्यांचं उत्तर एका वाक्याचं होतं. न भाजलेल्या जागेतलं रोप जोम धरत नाही.

शास्त्रज्ञांनी हा वाद प्रयोगशाळेत नेला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर १९१२ मध्ये सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. राखेतला पालाश रोपाला मिळतो आणि तणाचं बी मरतं, हे तर कुणालाही सुचेल. पण केवळ राख नेऊन टाकली तर राबाचं काम होतं का? की भाजण्यानेच मातीत काही घडतं?

या प्रश्नाचा दुसरा धागा त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या प्रयोगक्षेत्रावर सापडत होता. एडवर्ड रसेल आणि हेन्री हचिन्सन यांनी १९०९ मध्ये एक विलक्षण निरीक्षण मांडलं. माती हलकेच तापवली की तिच्यातले जीवाणू सुरुवातीला झपाट्याने घटतात. मग काही दिवसांत ते पहिल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढतात आणि मातीतला अमोनिया, म्हणजे पिकाला घेता येणारा नत्र, उसळून वर येतो. रसेल आणि हचिन्सन यांचा संशय अमीबासारख्या एकपेशीय जीवांवर गेला. हे जीव जीवाणूंना खाऊन टाकतात, उष्णतेने ते मरतात आणि मोकाट सुटलेले जीवाणू नत्र मोकळा करतात, असं त्यांचं म्हणणं. आरोपी अमीबा. या आरोपीची पुन्हा गाठ पडणार आहे, तेव्हा त्याला लक्षात ठेवा.

पुढच्या संशोधनाने या उत्तरात मोठी भर घातली. माती तापली की तिच्यातले असंख्य जीव मरतात आणि त्यांची शरीरंच उरलेल्यांचं अन्न होतात. जीवाणूचं शरीर नत्राने भरलेलं असतं. कर्ब आणि नत्राचं त्याच्या शरीरातलं प्रमाण साधारण पाचास एक असतं, तर भाताच्या पेंढ्यात ते साठास एकच्याही पुढे जातं. म्हणजे मेलेले जीवाणू हे फार दर्जेदार खत झालं आणि ते मातीच्या आतच तयार झालेलं. राबाच्या वरच्या थरात वैशाखात नेमकं हे घडतं. धगीने वरच्या थरातले जीव आणि तणाचं बी मरतं, खालच्या थरातले वाचतात, आणि पहिला पाऊस पडताच वाचलेल्यांची मेजवानी सुरू होते. नेमक्या त्याच आठवड्यात भाताच्या कोंबाला नत्र हवा असतो. शेण नुसतंच पसरलं असतं तर ते कुजायला वेळ लागला असता, आणि कर्जतसारख्या तीन हजार मिलिमीटरहून जास्त पावसाच्या मुलखात त्या अवधीत बरंच काही वाहून गेलं असतं.

शेतकरी पिकाला खत घालतो असं आपण म्हणतो. खरं तर तो मातीतल्या जीवांना जेवू घालतो आणि पीक त्यांच्या पंगतीत बसतं. राबात हे जेवण एकदम वाढलं जातं. माझ्या मते ठाकुरवाडीतली जुनी-नवी सगळी शेती या एकाच किल्लीने उघडते: मातीत कोण जेवलं, काय जेवलं आणि कधी.

राबाची किंमतही सांगितली पाहिजे. कवळांसाठी वर्षानुवर्षं ओरबाडलेले ऐन खुरटतात. पाल्यातला बहुतेक कर्ब आणि नत्र धुरावाटे निघून जातो. गोठ्यातली गुरं कमी झाली, जंगल मागे हटलं, पायथ्याच्या कितीतरी जमिनीवर फार्महाऊसची कुंपणं पडली, तेव्हा पूर्वीसारखा जाड राब घालणं आज अनेकांना परवडतही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या परिसरात आणि रायगडात रुजलेल्या चारसूत्री भात लागवडीने यावर एक सुंदर तोड काढली. डॉ. एन. के. सावंत यांच्या या पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळतात, तिच्यातून सिलिका मिळते आणि रोप ताठ होतं. खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला जातो. तो बांधावर वाढतो, त्यासाठी जंगल तोडावं लागत नाही. उरलेली दोन सूत्रं म्हणजे नेमक्या अंतरावर लावणी आणि चार चुडांच्या मधोमध खोचलेली युरिया-डीएपीची गोळी. ही गोळी खोल का खोचायची, याचं उत्तर चिखलात आहे.

आषाढात खाचरात उतरलं की पाय पोटरीपर्यंत जातो. नांगराने, हल्ली पॉवर टिलरने, पाणी भरलेल्या जमिनीचा चिखल केलेला असतो. या चिखलणीत मातीचे कण सुटे होऊन खाली बसतात आणि त्यांचा एक दाट थर होतो. पाणी त्यातून झिरपत नाही, तणालाही डोकं वर काढता येत नाही. उतारावरच्या जमिनीत पाणी धरून ठेवायला याहून साधा उपाय नव्हता, म्हणूनच चिखलणी शेकडो वर्षं टिकली.

पण पाणी साठलं की हवा संपते. मातीच्या पोकळ्यांतला प्राणवायू एक-दोन दिवसांत जीवाणू वापरून टाकतात. मग सुरू होते ती श्वासाची एक विलक्षण उतरंड. प्राणवायू नसेल तर काही जीवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्यातला नत्र वायू होऊन उडून जातो. पाण्यावर फेकलेल्या युरियाचा मोठा वाटा वाया जाण्यामागे हेही एक कारण आहे आणि गोळी खोल खोचायची ती याचसाठी. खोलात, हवा नसलेल्या थरात, अमोनिया अमोनियाच राहतो, त्याचा नायट्रेट होत नाही. नायट्रेट संपला की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. अगदी तळाच्या पायरीवर बसतात ते मिथेन तयार करणारे प्राचीन जीव, आर्किया. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर जे उरतं त्यावर हे जगतात. खाचरातून चालताना पावलाखालून बुडबुडे येतात, त्यात त्यांचा मिथेन असतो. माणसाच्या कामांमुळे हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी सुमारे आठ-दहा टक्के भातखाचरांतून जातो.

भाताच्या रोपाने या गुदमरलेल्या जगात स्वतःची सोय केली आहे. त्याच्या देठात आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात. पानांकडून हवा खाली मुळांपर्यंत येते आणि थोडी बाहेर पाझरते. श्रावणात एक चूड उपटून धुऊन पाहा, मुळांवर तांबूस लेप दिसेल. तो गंज आहे. पाण्यात विरघळलेलं लोह मुळाजवळच्या हवेने गंजून तिथेच चिकटलेलं असतं. याच हवेच्या काठावर मिथेन खाणारे जीवाणू राहतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर यांच्या गटाने पश्चिम भारतातल्या भातखाचरांमधून असे जीवाणू वेगळे काढून वाढवले. त्यांतला एक इतका वेगळा निघाला की त्याच्यासाठी नवी प्रजाती (जीनस) मानावी लागली. दिसायला काकडीसारखा, म्हणून नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. आपल्या खाचरात एकाच वितीच्या आत मिथेन बनवणारे आणि मिथेन खाणारे शेजारी शेजारी नांदतात, हे वाचून मी थक्क झालो होतो. आपल्या शाळांमधून हे कधी सांगितलं जात नाही याची खंतही वाटली.

पाण्यात नत्राचे दातेही असतात. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं की भातशेतीत हवेतला नत्र बांधण्याचं मोठं काम निळं-हिरवं शेवाळ करतं. खत न घालताही खाचर वर्षानुवर्षं थोडंफार पीक देत राहतं, हे कोडं त्यामुळे बरंच सुटलं.

चिखलाची खरी किंमत कळते ती भात कापल्यावर. पाणी सुकतं, चिखलाचा थर आवळतो, जमीन फाटते, ढेकळं दगडासारखी होतात. त्यात वाल टाकायचा. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी राजनाल्याने ज्या गावांना मिळतं तिथे उन्हाळी भात होतो. वरच्या वाड्यांना असा कालवा नाही, त्यांच्या हाती उरते ती भाताखालची ओल. ती किती दिवस टिकेल आणि वालाचं मूळ त्या कडक थरातून किती खाली जाईल, यावर घरातल्या डाळीचा हिशोब ठरतो.

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी या कोंडीवर वेगळ्या बाजूने हात घातला. त्यांच्या पद्धतीला सगुणा भात तंत्र किंवा एसआरटी म्हणतात. एकदाच गादीवाफे करायचे, साधारण मीटरभर रुंदीचे. लोखंडी साच्याने २५ सेंटीमीटर अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत बी टोकायचं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. भात कापला की बुडखे आणि मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा मूग टोकायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाफे.

बायकांच्या कंबरेच्या दृष्टीनेच पाहिलं तरी ही गोष्ट मोठी आहे. इरलं पांघरून, पाण्यात ओणवं राहून दिवसच्या दिवस लावणी करणं काय असतं हे ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. पण या प्रकरणापुरती मला मोलाची वाटते ती जमिनीत ठेवलेली मुळं. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनीही याच गोष्टीवर बोट ठेवलं. त्यांनी भू-सूक्ष्मजीवशास्त्राची पुस्तकं वाचली, स्वतःच्या ऊस-भाताच्या जमिनीत ताडून पाहिली आणि नांगरट सोडली. जमिनीच्या आत, जागच्या जागी कुजणारी मुळं हेच सर्वोत्तम सेंद्रिय खत आहे, असं त्यांनी मराठीतून सतत मांडलं. शास्त्राची भाषा शेतकऱ्याच्या बोलण्यात आणणाऱ्या मोजक्या माणसांत मी त्यांना धरतो.

मुळं कुजतात तेव्हा काय होतं? एकेका मुळाच्या जागी एक बारीक बोगदा उरतो. त्यातून पाणी आणि हवा खाली जाते, गांडूळ तीच वाट धरतं, पुढच्या पिकाचं मूळही तीच. मुळांचा कर्ब जीवाणूंना हळूहळू, महिनोन्‌महिने मिळत राहतो आणि त्यांचे चिकट स्राव मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात. बुरशीचे तंतू तर आणखी दूर पोचतात. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी केसाहून कितीतरी बारीक धाग्यांनी स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. उतारावरच्या नाचणीला तिचा आधार असतो. पाणी भरलेल्या चिखलात ती दुबळी पडते, आणि दर वर्षीच्या नांगरटीत तिचं जाळं तुटून जातं.

आता तो आरोपी. जिवंत मूळही मातीत साखर पाझरत असतं. त्या साखरेवर जीवाणू वाढतात आणि मातीतला नत्र स्वतःच्या शरीरात बांधून ठेवतात. तो पिकाला मिळायचा कसा? स्वीडनच्या मारियान क्लारहोम यांनी १९८५ मध्ये प्रयोगाने दाखवलं की मातीत अमीबासारखे जीव असतील तर गहू जास्त नत्र उचलतो. अमीबाला जीवाणूंइतका नत्र लागत नाही, खाल्लेल्यातला जादा नत्र तो अमोनिया म्हणून बाहेर टाकतो, आणि टाकतो तो मुळाच्या दारातच. १९०९ मध्ये ज्याच्यावर ठपका होता तोच पिकाचा वाढपी निघाला. राबात धगीने मेलेले जीव एकदम नत्र देतात, तर जित्या मुळाशी अमीबा रोज चिमूट चिमूट देतो. दोन्ही वाटा नत्रापर्यंत पोचतात, पण दुसरीत जंगल जळत नाही आणि कर्ब जमिनीत राहतो.

एसआरटीत एक काटा आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. चिखल नसला की तण माजतं आणि त्यासाठी तणनाशक वापरलं जातं. बिननांगरणीची शेती जगभर ज्यावर टेकली आहे ते ग्लायफोसेट वनस्पतींमधला एक विशिष्ट जैवरासायनिक मार्ग बंद करतं, आणि तो मार्ग अनेक जीवाणूंमध्ये आणि बुरशींमध्येही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला माणसासाठी संभाव्य कर्ककारक गटात टाकलं आणि भारत सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. सूक्ष्मजीवांसाठी नांगर सोडायचा आणि त्यांच्यावर रसायन फवारायचं, हे मला पटत नाही. पेंढ्याचं आच्छादन, दाट हिरवळ आणि एक-दोन वर्षं कष्टाची बेणणी हा रस्ता लांबचा आहे, पण वाडीवरच्या छोट्या तुकड्यांना तो जमण्यासारखा आहे असं मला वाटतं.

बाजारात मिळणाऱ्या जीवाणूंबद्दलही सांगतो. रायझोबियमची पुडी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायची आणि सावलीत सुकवायची, ही शिफारस बरोबर आहे. मात्र पुडीतला जीव जिवंत हवा. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात शिजलेल्या पुडीत उरते ती काळी भुकटी. वालाला चवळी गटाचं संवर्धन लागतं, हरभऱ्याचं चालत नाही. जीवामृताचं म्हणाल तर सुभाष पाळेकर यांच्या कृतीत दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती असते. शेणातले बरेचसे जीवाणू गाईच्या बिनहवेच्या पोटात रुळलेले असतात, ते उघड्या जमिनीत फार टिकत नाहीत. मला वाटतं, काम करतात ते गूळ आणि पीठ, कारण जमिनीत आधीच असलेल्या उपाशी जीवांना त्यातून घास मिळतो. आनंद कर्वे यांनी पुण्यात वर्षानुवर्षं हेच सांगितलं की साखर किंवा हिरवा पाला असं ऊर्जेने भरलेलं अन्न थोडंसं जरी दिलं तरी मातीतले जीव वाढतात आणि खनिजं मोकळी करतात.

२०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यावर बारा रकाने असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. जिवंत म्हणावं असं त्यात काहीच मोजलेलं नाही. सेंद्रिय कर्बाचा रकाना तेवढा जीवांच्या शिध्याचा अंदाज देतो.

वाडीवर मात्र जिवाची तपासणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. पौषात वाल फुलावर आला की शेताच्या मधल्या भागातलं एक झाड निवडा. ते उपटू नका, उपटलं तर गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने वीतभर खोल, ढेकळासकट काढा आणि घमेल्यातल्या पाण्यात ठेवा. माती आपोआप सुटू द्या. मुळांवर मोहरीएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या गाठी दिसतील. त्या मोजू नका, एक नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल दिसली तर ती काम करते आहे, कारण आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच एक भाऊबंद तिथे प्राणवायूचा बंदोबस्त करतो म्हणून जीवाणूला हवेतला नत्र बांधता येतो. हिरवट किंवा करडी असेल तर गाठ थकली किंवा जीवाणू निकामी निघाला. पांढरी असेल तर अजून काम सुरू झालेलं नाही, आठवड्याने पुन्हा बघायला या. आणि शेंगा भरून वाल काढायला आला की विळ्याने बुडापाशी कापा, खालचं तसंच राहू द्या.